दुःख नंतर आलं : मेटालिकाच्या ‘ओरायन’ची गोष्ट

या व्याख्यानमालेत आपण आजवर किल्ले पाहिले, बखरी वाचल्या, छापखान्यांचा इतिहास ऐकला. आज विषय फलकावर वाचून दोन-तीन जणांनी आम्हाला दारातच विचारलं, ‘हेवी मेटल? इतिहासात?’ प्रश्न रास्त आहे. पण इतिहास म्हणजे घडलेल्या गोष्टी, आणि त्या गोष्टी आपण नंतर कशा वाचतो तेही. आठ मिनिटं सत्तावीस सेकंदांची एक रचना घेऊन आज ही दुसरी बाजू पाहू. रचनेचं नाव ‘ओरायन’. बँड मेटालिका. साल १९८६. तिच्यात गाण्याचा एकही शब्द नाही.

आधी रचना कानावर पडू दे, मग बोलू.

(येथे ध्वनिमुद्रण ऐकवण्यात आले.)

आम्ही हे पहिल्यांदा ऐकलं ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, पुण्यातल्या एका वसतिगृहात. आम्ही चौघं, एक टेपरेकॉर्डर, आणि कुणाकडून तरी भरून आणलेली साठ मिनिटांची कॅसेट. मूळ अल्बम ‘मास्टर ऑफ पपेट्स’ सुमारे पंचावन्न मिनिटांचा आहे, प्रत्येक बाजूला चार-चार गाणी, म्हणजे साठच्या कॅसेटमध्ये तो अगदी नेटका बसायचा. आमच्या कॅसेटवर गाण्यांची नावं बॉलपेनानं लिहिलेली, आणि दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या ओळीवर शाई पसरलेली. त्यामुळे कित्येक महिने आमच्यासाठी ते ‘बी बाजूचं तिसरं’ होतं. टेप घासली गेली, पेन्सिल घालून फिती सरळ केल्या, पण बी बाजूचं तिसरं रोज रात्री वाजायचं. बाकीच्या गाण्यांवर आम्ही डोकी हलवायचो. हे लागलं की कुणी बोलायचं नाही.

पुढे रद्दीच्या दुकानात एक जुनं परदेशी मासिक मिळालं. त्यात दोन गोष्टी कळल्या. एक, या रचनेचं नाव ‘ओरायन’. दुसरी, हिच्यात बेस गिटार वाजवणारा क्लिफ बर्टन चोवीसाव्या वर्षी अपघातात गेला. त्या रात्री आम्ही पुन्हा कॅसेट लावली, आणि खरं सांगायचं तर त्या रात्रीपासून आम्हाला ती रचना वेगळी ऐकू यायला लागली. आजचं सगळं बोलणं त्या ‘वेगळी’ या शब्दाबद्दल आहे.

नावावर क्षणभर थांबू. ओरायन म्हणजे आपलं मृग नक्षत्र. थंडीच्या रात्री गच्चीवर गेलात की ओळीत तीन तारे दिसतात, आपल्याकडे त्यांना मृगाच्या पोटातला बाण म्हणतात, आणि तो मारणारा व्याध जवळच चमकत असतो. पुण्याच्या श्रोत्यांना दुसरीही आठवण होईल. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये याच नावाचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. वसंतसंपात मृगात होता त्या काळापर्यंत वेदांचं मूळ मागं नेता येतं, असा त्यांचा युक्तिवाद. मेटालिकाच्या रचनेशी त्याचा काडीचाही संबंध नाही, हे स्पष्ट करतो. पण नंतरच्या माणसानं मागे वळून जुन्या खुणा वाचायच्या, हा उद्योग दोन्हीकडे आहे. आणि त्यात जपून पावलं टाकावी लागतात.

आता थोडी पार्श्वभूमी. हेवी मेटलमध्ये शब्दांशिवायची रचना नवी नव्हती. ब्लॅक सबाथनं १९७० मध्येच ‘रॅट सॅलड’ केलं होतं, पुढे ‘ऑर्किड’, ‘लगुना सनराइज’. आयर्न मेडननं १९८० मध्ये ‘ट्रान्सिल्व्हेनिया’ आणि १९८१ मध्ये ‘चंगीझ खान’ दिलं. रॉक संगीतात कॅनडाच्या रश या बँडनं हा प्रकार फार वरच्या पातळीवर नेला. मात्र मेटलमधल्या अशा बऱ्याच रचना गाण्यांच्या मधल्या जागेत बसायच्या. दोन गाण्यांमध्ये श्वास घ्यायला, नाहीतर ड्रमर-गिटारिस्टला हात दाखवायला. मेटालिकानं त्यांना अल्बममध्ये मोठी जागा दिली. १९८४ च्या ‘राइड द लायटनिंग’चा शेवट ‘द कॉल ऑफ क्थुलू’ या जवळजवळ नऊ मिनिटांच्या वाद्यरचनेनं होतो. आणि यामागे बराचसा हात होता बर्टनचा.

क्लिफ बर्टन, जन्म १० फेब्रुवारी १९६२, कॅलिफोर्निया. लहानपणी पियानो शिकला. १९७५ मध्ये त्याचा मोठा भाऊ स्कॉट वारला, तेव्हा क्लिफ तेरा वर्षांचा होता. त्यानंतर त्यानं बेस गंभीरपणे हातात घेतली, आणि भावासाठी आपण सर्वोत्तम बेसवादक होणार असं तो म्हणाल्याचं घरच्यांनी नंतर सांगितलं. रोजचा चार-सहा तासांचा रियाज. तो शास्त्र शिकला, बाख ऐकला, आणि त्याच वेळी पंक रॉकही ऐकला.

ज्यांना बेस म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेस गिटारला साधारणपणे चार जाड तारा असतात आणि ती गिटारपेक्षा एक सप्तक खाली बोलते. रॉक बँडमध्ये तिचं काम तबल्याच्या जोडीतल्या डग्ग्यासारखं. ती नसेल तर सगळं पोकळ वाटतं, ती असेल तर कुणाचं लक्ष जात नाही. बर्टनला हे मान्य नव्हतं. तो बेस बोटांनी वाजवायचा, ती डिस्टॉर्शनमधून आणि वाह-वाह पेडलमधून काढायचा, आणि मुख्य वाद्यासारखी पुढे आणायचा. १९८२ मध्ये मेटालिकाचे जेम्स हेटफील्ड आणि लार्स उलरिक लॉस एंजेलिसच्या ‘व्हिस्की अ गो गो’ या क्लबमध्ये ट्रॉमा नावाचा बँड ऐकायला गेले. एक भन्नाट सोलो ऐकू आला, आणि हेटफील्ड गिटारवाला शोधू लागला. तो सोलो बेसवर चालला होता. यांनी बर्टनला बँडमध्ये बोलावलं. त्यानं अट घातली की तुम्ही लॉस एंजेलिस सोडून सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला या. एका बेसवाल्यासाठी अख्खा बँड गाव बदलून गेला! मार्च १९८३ मध्ये तो त्यांच्याबरोबर पहिल्यांदा मंचावर उभा राहिला.

म्हणजे आम्ही वसतिगृहात जी चूक केली, तीच चूक हेटफील्डनं आमच्या आधी केली होती. ‘ओरायन’मधले काही सोलो आम्ही वर्षानुवर्षं गिटार समजत होतो, ते बेसचे निघाले. आमच्यातल्या एकानं हे मानायला साफ नकार दिला, आणि त्यावरून दोन दिवस अबोला होता.

आता १९८५. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत हा बँड कोपनहेगनच्या ‘स्वीट सायलेन्स’ स्टुडिओत होता. उलरिक मूळचा डेन्मार्कचा, आणि आधीचा अल्बमही त्यांनी तिथेच फ्लेमिंग रासमुसेनबरोबर केला होता. चौघंही एकवीस ते तेवीस वर्षांचे. आपल्याकडे या वयात मुलं पदवी घेऊन नोकरीचे अर्ज भरत असतात. हे चौघं डेन्मार्कच्या हिवाळ्यात आठ मिनिटांची, शब्द नसलेली, रेडिओवर कधीही लागणार नाही अशी रचना बांधत होते.

बांधणी कशी आहे ते जरा सावकाश पाहू.

सुरुवात शांततेतून होते. आवाज हळूहळू वर येतो आणि वाटतं की दूरवर वाद्यवृंद सूर जुळवतो आहे, किंवा कुणी ऑर्गनवर बसलं आहे. त्या सगळ्या बेस गिटारच आहेत, प्रक्रिया करून एकावर एक रचलेल्या. मग ड्रम येतात, आणि मध्यम लयीत गिटारचा रिफ सुरू होतो. रिफ म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा छोटा तुकडा. त्याची चाल कवायतीसारखी ठाम आहे. त्या काळात थ्रॅश मेटलमध्ये वेगाचीच शर्यत होती. या अल्बमचं पहिलं गाणं ‘बॅटरी’ ऐका, श्वास लागतो. पण इथे बँड मुद्दाम धावत नाही.

साधारण मध्यावर सगळं थांबतं आणि बेस एकटी उरते. लय निम्म्यावर येते आणि ताल बदलतो. पाश्चात्त्य भाषेत सहा-आठ. आपल्या कानाला हे परकं नाही, सहा मात्रांचा, तीन-तीनचा झोका, आपल्या दादऱ्यासारखा. बेसची एक साधी ओळ फिरत राहते, तिच्यावर एक गिटार येते, मग दुसरी, आणि त्या दोन्ही एकमेकींच्या सुरांशी संवादी सूर धरत चढत जातात. एकाच वेळी अनेक स्वतंत्र सुरावटी चालवायच्या आणि तरी त्या एकत्र नांदवायच्या, ही बाखच्या घराण्याची विद्या. हा मधला भाग बर्टननं रचला. आम्हाला विचाराल तर हेवी मेटलच्या सबंध इतिहासात याहून सुंदर तीन मिनिटं थोडी असतील.

मग लय पुन्हा वाढते, रचना पहिल्या जोमावर येते, बेस पुन्हा उसळी मारते, आणि आवाज विरत जातो. शेवट नाहीच. जिथून आली तिथेच परत गेल्यासारखी ही रचना विझते. श्रेय तिघांच्या नावावर आहे, हेटफील्ड, उलरिक आणि बर्टन.

अल्बम ३ मार्च १९८६ ला आला. रेडिओचा फारसा आधार नसताना अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत २९ व्या क्रमांकापर्यंत गेला. बँडनं ऑझी ऑस्बोर्नच्या दौऱ्यात आधी वाजवणारा बँड म्हणून अमेरिका पालथी घातली, आणि सप्टेंबरात युरोप गाठला.

२६ सप्टेंबर १९८६ ला स्टॉकहोममध्ये कार्यक्रम झाला. रात्री बस कोपनहेगनकडे निघाली. बसमधल्या झोपण्याच्या जागेसाठी पत्ते काढले गेले, बर्टननं इस्पिकचा एक्का काढला आणि कर्क हॅमेटची जागा घेतली, असं बँडमधल्यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. २७ तारखेच्या पहाटे, दक्षिण स्वीडनमध्ये ल्युंगबीजवळ, बस रस्त्यावरून घसरून उलटली. बर्टन खिडकीतून बाहेर फेकला गेला आणि बसखाली सापडून गेला. बाकीचे तिघे वाचले.

कॅलिफोर्नियात त्याच्या अंत्यसंस्काराच्या वेळी ‘ओरायन’ वाजवण्यात आलं.

इथे आपण थांबू, कारण इथे रचनेचं आयुष्य बदलतं. मार्चमध्ये आलेली एक वाद्यरचना ऑक्टोबरपर्यंत शोकगीत झाली होती. रचनेतला एक सूरही बदलला नव्हता. बदललो आपण, ऐकणारे.

पुढचा इतिहास या नव्या अर्थाचा आहे. बँडनं महिन्याभरात जेसन न्यूस्टेडला घेतलं आणि दौरे पुन्हा सुरू केले. १९८८ च्या अल्बममध्ये ‘टू लिव्ह इज टू डाय’ ही जवळजवळ संपूर्ण वाद्यरचना बर्टनच्या उरलेल्या तुकड्यांवर बांधून त्याला वाहिली. त्या अल्बममध्ये बेस जवळजवळ ऐकूच येत नाही, हा चाहत्यांमधला जुना वाद आहे, त्यात आज शिरत नाही. त्यानंतर वीस वर्षं, २००८ पर्यंत, त्यांच्या नव्या गाण्यांच्या कुठल्याही अल्बममध्ये वाद्यरचना नव्हती. ‘ओरायन’ मंचावर यायचं ते तुकड्यांनी, इतर रचनांच्या मधे गुंफून. संपूर्ण ‘ओरायन’ त्यांनी पहिल्यांदा वाजवलं ३ जून २००६ ला, जर्मनीत, रॉक अॅम रिंग महोत्सवात, अल्बमच्या विसाव्या वर्षी. बेसवर होता रॉबर्ट त्रुहियो. वीस वर्षं एक रचना पूर्ण वाजवली गेली नाही, यामागे काय काय असेल हे त्यांचं त्यांना ठाऊक. आम्ही त्यात कारणं भरणार नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात अपघाताच्या जागेजवळ स्मृतिशिला उभी राहिली.

आता आमचा मुद्दा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी एक धडा देतात. शेवट माहीत आहे म्हणून सुरुवात त्या शेवटाकडेच निघाली होती असं समजू नका. पानिपत आपल्याला माहीत आहे, पण उत्तरेकडे निघताना भाऊसाहेबांना ते माहीत नव्हतं. हा धडा परीक्षेत लिहायला सोपा, आणि गाणं ऐकताना पाळायला फार अवघड.

‘ओरायन’बद्दल आपण काय काय ऐकलं आहे ते आठवा. सुरुवातीचे सूर म्हणजे चर्चमधला ऑर्गन. मधला भाग म्हणजे विलाप. शेवटी आवाज विरतो तो म्हणजे आत्मा आकाशात जातो, नक्षत्र होतो. अल्बममधलं पुढचंच गाणं ‘डॅमेज, इंक.’, त्याच्या सुरुवातीचे बेसचे सूर बाखच्या ‘ये, गोड मृत्यू’ अशा अर्थाच्या भक्तिगीतावरून घेतले असं सांगतात. मग तर विचारायलाच नको. लोक म्हणतात, त्याला कळलं होतं. आम्हीसुद्धा म्हणायचो. रात्री दोन वाजता, दिवे घालवून, अगदी गंभीरपणे म्हणायचो.

काहीही कळलं नव्हतं. बाखचा भक्त असलेला तरुण बाखचे सूर घेतो, त्यात नवल ते काय? आवाज हळूहळू वाढवणं आणि विरवणं ही ध्वनिमुद्रणातली रोजची युक्ती. आणि मधला भाग दुःखाचाच आहे, असं स्वरांमध्ये कुठे लिहिलं आहे? अपघात बाजूला ठेवून, एकदाच, तो पुन्हा ऐका. बेसची ओळ सुरू होते, गिटार तिला उत्तर देते, दुसरी गिटार मधेच बोलते, आणि चौघं मिळून ते संभाषण चढवत नेतात. त्यात हुरहूर आहे, नाही असं नाही. पण त्याहून जास्त आहे ती मजा. आपल्याला हे जमतंय हे कळल्यावर येणारी मजा. चोवीशीही न गाठलेला एक मुलगा आपल्या मित्रांना दाखवतो आहे, ‘बघा, असंही करता येतं’, आणि मित्र त्याच्या मागे येत आहेत. बर्टननं आपल्याला सुरांचं शास्त्र दाखवलं, असं त्याच्या साथीदारांनी नंतर वारंवार सांगितलं आहे. ‘ओरायन’ हा त्या शिकवणीचा वर्ग आहे.

याला पुरावा म्हणून दुसऱ्यांनी वाजवलेलं ‘ओरायन’ ऐका. मेक्सिकोच्या रोद्रिगो आणि गॅब्रिएला या जोडीनं २००६ च्या अल्बममध्ये ही रचना फक्त दोन साध्या, विजेशिवायच्या गिटारींवर वाजवली आहे. ना ड्रम, ना डिस्टॉर्शन. गिटारच्या लाकडावर थापा मारत दोघं ती अशी खेळवतात की पाय ठेका धरतो. आम्ही ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा जरा रागच आला. शोकगीताची अशी थट्टा? मग लक्षात आलं की त्यांनी बाहेरून काहीच आणलेलं नाही. तो उत्साह मूळ रचनेतच होता. आम्हीच तो झाकून ठेवला होता.

शोक खोटा होता असं कुणी समजू नये. ज्यांनी तो मित्र गमावला, ज्या आई-वडिलांनी आधी एक मुलगा आणि अकरा वर्षांनी दुसरा गमावला, त्यांच्या शोकाला ही रचना आधाराला आली, हा तिचा खराखुरा इतिहास आहे. तो पुसायचा नाही. फक्त तो १९८६ च्या शरदापासून सुरू होतो, हे विसरायचं नाही. त्याआधीही ‘ओरायन’चं एक आयुष्य होतं, आणि ते हसतं-खेळतं होतं.

त्याचे वडील रे बर्टन यांना हे बहुधा आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं समजलं होतं. क्लिफच्या वाट्याला येणाऱ्या मानधनातून ते कास्त्रो व्हॅलीच्या हायस्कूलमध्ये, म्हणजे क्लिफच्याच गावात, संगीत शिकणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती देत. २०२० मध्ये ते गेले, तोपर्यंत चाहत्यांना भेटत राहिले. मुलाची आठवण म्हणून त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांचा रियाज निवडला.

शेवटी एक घरची गोष्ट सांगतो आणि थांबतो. आम्ही चौघं होतो असं सुरुवातीला म्हटलं. आता तिघं आहोत. बेसचा सोलो गिटारचाच आहे म्हणून दोन दिवस न बोलणारा तो, काही वर्षांपूर्वी आजारानं गेला. त्यानंतर आम्ही तिघं भेटलो की बोलणं त्याच्या शेवटच्या दीड महिन्याभोवतीच फिरायचं. दवाखाना, रिपोर्ट, कोण कधी भेटून आलं. पंचवीस वर्षांची मैत्री त्या दीड महिन्यात कोंबून बसलो होतो. मागच्या वर्षी एका रात्री कुणीतरी ‘ओरायन’ लावलं आणि बेसचा तो सोलो आला. एकजण त्याच्याच सुरात म्हणाला, ‘गिटार आहे रे ही, पैज लाव!’ आणि आम्ही पोट धरून हसलो. कितीतरी दिवसांनी तो आम्हाला आजारी नसलेला आठवला.

तेव्हा या व्याख्यानाची कल्पना सुचली. गेलेल्या माणसाच्या शेवटावरून त्याचं सगळं आयुष्य वाचू नये, हे आम्ही पुस्तकांत शिकलो होतो. ते खरोखर पटवलं बी बाजूच्या तिसऱ्यानं.

आता जाण्याआधी तो मधला भाग पुन्हा एकदा ऐकू. यावेळी वर्ष १९८५ आहे असं समजा. कोपनहेगनमध्ये थंडी आहे, चौघंही जिवंत आहेत, आणि रचना अजून पूर्ण झालेली नाही.

(येथे मधला भाग पुन्हा ऐकवण्यात आला.)